नावाड्याला 'शांत बसा' म्हणता यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या ऑफिसची दिवाळी यंदाही मार्गशीर्षात साजरी झाली. दरवर्षी ऑडिट आडवे येते आणि दिवाळी मिलन लांबते, त्यात नवे काही नाही. नवे एवढेच की या वेळी वर्धा रोडवरच्या हॉलमधले पनीर टळले आणि आम्ही बावीस जण पेंचच्या पाण्यावर बोटीतून पक्षी पाहायला गेलो. ठेवणीतल्या साड्या, कडक इस्त्रीचे कुर्ते. त्यावर केशरी लाइफ जॅकेट घालायला कोणी राजी नव्हते. "फोटो झाले की घालतो," असे सगळ्यांचे म्हणणे. नावाड्याने मात्र शेवटचा बंद बांधेपर्यंत दोर सोडला नाही. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

नवेगाव खैरीच्या धरणाने अडवलेले हे पाणी, नागपूरच्या नळांना येते तेच. पहिला अर्धा तास फार सुंदर गेला. पाण्यात उभ्या वठलेल्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत होते. एका खडकावर मगर जबडा उघडून पडलेली. आमच्या कॅशिअर मॅडम घाबरल्या. "चिडली नाही मॅडम, ऊन खाऊन राहिली. अंग तापलं की अशीच तोंड उघडते," नावाडी म्हणाला. पुढे एका उथळ काठापाशी त्याने इंजिन बंद केले. समोर चाळीसेक पट्टकादंब बसले होते. राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून हे पक्षी हिवाळा काढायला इकडे येतात. बोट वाऱ्याने हळूहळू सरकत होती आणि त्यांची आपापसातली कुजबुज ऐकू येत होती. बावीस माणसे एकाच वेळी गप्प बसलेली मी नोकरीत पहिल्यांदा पाहिली.

तेवढ्यात मागच्या बाकावर ब्लूटूथ स्पीकर सुरू झाला. कोणीतरी पक्ष्यांना चिवड्याची मूठ भिरकावली, पाठोपाठ कागदी प्लेट उडून पाण्यात गेली. चाळीस माना एकदम वर झाल्या आणि थवा उठला. "उडाले, उडाले, व्हिडिओ घे!" अशी आरोळी झाली. लोकांना वाटले, हाही कार्यक्रमातलाच भाग. थकून उतरलेल्या पाखरांना आपण विनाकारण उडवले, हे कोणाच्या गावीही नव्हते. नावाडी पाण्याकडे बघत राहिला.

परतल्यावर चहा पिताना त्याला विचारले, काही बोलला का नाहीस? तो म्हणाला, "जॅकेटचं कसं आहे जी, कोणी बुडलं तर माझ्यावर येते. म्हणून तिथं मी ऐकत नाही. गाणं बंद करा म्हटलं तर साहेब लोकांना राग येते. पैसे देऊन आले असतात ना."

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे, दोन्हींना मनाई आहे. पण कायदा पुस्तकात आणि गिऱ्हाईक बोटीत. गावातल्या पोराने शहरातल्या साहेबाला गप्प बसवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ताडोबाच्या सफारीत मोबाईल नेता येत नाही. लोक कुरकुरतात आणि ठेवून जातात. तसेच जिथे जिथे पक्षी पाहायला बोट सुटते, तिथे स्पीकर आणि खाण्याच्या पिशव्या काठावरच जमा कराव्यात, आणि जॅकेट चढल्याशिवाय जशी बोट सुटत नाही तशी त्या जमा झाल्याशिवायही सुटू नये. म्हणजे नावाड्याला वाईटपणा घ्यावा लागणार नाही. कंपन्यांनीही सहलीच्या निरोपात वेळ आणि मेनूबरोबर एवढी एक ओळ घालावी. हवी तेवढी गाणी येता-जाता बसमध्ये म्हणावीत, आम्ही म्हटलीच.

राहता राहिला मी. मीही त्या वेळी गप्पच होतो. स्पीकर आमच्या विभागाच्या साहेबांचा होता आणि इन्क्रिमेंटची यादी अजून निघायची आहे. पुढल्या वर्षी पुन्हा तिथेच जायचे घाटते आहे. ही सूचना वर्तमानपत्रातून आली तर ऑफिसात कोणाच्या नावावर खपणार नाही, म्हणून हे पत्र. खाली नाव न लिहिण्याचे कारणही तेच.

– एक नोकरदार, प्रतापनगर, नागपूर