इंजिन चुकून मध्ये गेलेलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारच्या आपल्या अंकात आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या छंद-प्रदर्शनाचं छायाचित्र आलं, त्याबद्दल आभार. उजवीकडची छोटी मोटार माझी. खाली ओळ छापली आहे, 'इंजिन चुकून मधोमध बसलेली पोर्शे'. हे शब्द वार्ताहराचे नसावेत. परीक्षकांनी मॉडेलपुढच्या कार्डावर पेनाने 'इंजिन चुकीच्या जागी' असं लिहिलं होतं, तेच उचललं गेलं असणार. त्याच शेऱ्यावर मॉडेल स्पर्धेतून बाद झालं. बक्षिसाचं दुःख नाही. पहिलं बक्षीस स्टीलचा डबा होता आणि तसले आमच्या घरात सात आहेत. पण 'चुकून' हा शब्द लागला. ही चूक करायला मला पाच महिने लागले.

मी निवृत्त डेंटल टेक्निशियन. छत्तीस वर्षं इंदूरकरांच्या कवळ्या केल्या. दात अर्धा मिलिमीटर उंच राहिला तर पेशंट दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो, त्यामुळे कुठली वस्तू कुठे बसते याची थोडीफार जाण आहे.

मॉडेल १:२४ मापाचं, पोर्शेच्या जुन्या ९११ या मोटारीचं. खऱ्या गाडीत आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) ही मागे असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. आपल्या रिक्षाचंही वजन असंच मागे. बजाज 'आरई' मधलं आरई म्हणजे रिअर इंजिनच. याने मागच्या चाकांना पकड चांगली मिळते. पण वेगात वळताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की मागचं वजन गाडीला गरकन फिरवायला बघतं. कारखान्याला हे ठाऊक होतं. १९६९ च्या मॉडेलसाठी त्यांनी इंजिन जागेवर ठेवून मागची चाकंच ५७ मिलिमीटर मागे नेली. माझ्या मापात ते जेमतेम २.४ मिलिमीटर भरतं. मी चाकांना हात लावला नाही, इंजिन पुढे आणलं.

म्हणजे काय केलं? मागच्या दोन चिमुकल्या सीटा काढल्या, हॅक्सॉच्या पात्याने फ्लोअर कापला, पुढच्या सीटांमागे १ मिलिमीटर प्लॅस्टिक शीटची भिंत उभी केली. इंजिन-गिअरबॉक्स एकत्र, पुढची बाजू मागे अशी फिरवून बसवले तर पंखा त्या भिंतीला भिडला. तीन मिलिमीटर कमी पडत होते. सीटांच्या पाठी घासून पातळ केल्या आणि सीटा पुढे घेतल्या. ड्रायव्हरचे गुडघे स्टिअरिंगला लागतील, हे मान्य.

या खटपटीत एका बाजूच्या सिलिंडरच्या फिन्स (थंड करणाऱ्या पातळ कडा) तुटल्या. मग जुना धंदा कामाला आला. चांगल्या बाजूचा ठसा दाताचं माप घ्यायच्या सिलिकॉन पुट्टीत घेतला आणि कवळीच्या कोल्ड-क्युअर अ‍ॅक्रिलिकमध्ये ओतला. कोणी हे करणार असेल तर सावध करतो : ते लिक्विड किटच्या प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, प्लॅस्टिक विरघळतं. माझं एक व्हॉल्व्ह कव्हर असंच गेलं. साच्यातून सिलिंडर निघाले ते हिरड्यांच्या गुलाबी रंगाचे. आमच्या सौ. म्हणाल्या, "आता याला दात येऊ द्या, मगच रंगवा."

इंजिन हवेने थंड होणारं. मागच्या झाकणावरच्या जाळीखाली आता गिअरबॉक्स आला, मग पंख्याला हवा कुठून मिळणार? म्हणून मागची काच काढून तिथे काळ्या शीटच्या पाच तिरप्या पट्ट्या लावल्या. परीक्षकांना त्याही 'काच हरवली' अशा वाटल्या.

नातवाने विचारलं, "आजोबा, खरी अशी केली तर पिथमपूरच्या ट्रॅकवर पळेल का?" तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा तो ११.३ किलोमीटरचा ट्रॅक त्याच्या फार डोक्यात आहे. म्हटलं, पळेल, पण मागे! सगळं नुसतं उलटं वळवलं तर चाकंही उलटी फिरतात. पाच गिअर रिव्हर्सचे आणि पुढे जायला एक. डिफरन्शियलमध्ये (चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागात) क्राउन व्हील हे मोठं दातेरी चाक पिनियन या छोट्या चाकाच्या दुसऱ्या बाजूला बसवावं लागतं, म्हणजे दिशा सुलट होते. मॉडेलमध्ये ते दिसत नाही, म्हणून कार्डावर लिहून ठेवलं होतं. त्याच कार्डावर, शेऱ्याच्या अगदी वर.

परीक्षक तरुण होते, बोलायला नम्र. "काका, नाइन इलेव्हनचं इंजिन मागे असतं, ही ओळखच आहे गाडीची," म्हणाले. बरोबर आहे. पण पोर्शे नावाची पहिली मोटार, १९४८ ची, ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात झाली, तिचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढेच होतं. विकायच्या गाड्यांत मागे सीटा आणि सामान मावावं म्हणून ते मागे गेलं. १९६९ च्या ९१४ मध्ये, तिच्या सहा सिलिंडरच्या प्रकारात, ९११ चंच इंजिन मध्ये बसलं, आणि क्राउन व्हीलची तीच युक्ती कारखान्यानेच केली. २०१७ च्या शर्यतींसाठी तर खुद्द ९११ च्या आरएसआर या शर्यतीच्या गाडीचं इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे आणलं गेलं. दुसऱ्या वर्षी तिने फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत आपला गट जिंकला. तिथे कोणी कार्डावर शेरा लिहिल्याचं ऐकिवात नाही.

खोक्यावरच्या चित्राबरहुकूम केलेलं मॉडेल हे एक कसब आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण कापून, बदलून केलेल्या मॉडेलला त्याच फूटपट्टीने मोजू नये. पुढच्या वर्षी आयोजकांनी 'बदल केलेली मॉडेलं' असा वेगळा गट ठेवावा आणि करणाऱ्याला दोन मिनिटं बोलू द्यावं, एवढीच विनंती. आपणही जमल्यास 'चुकून' ऐवजी 'मुद्दाम' अशी एका शब्दाची दुरुस्ती छापावी.

गाडी पिवळी नाही, केशरी आहे. पण तो छपाईचा भाग झाला, त्याबद्दल तक्रार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त डेंटल टेक्निशियन
लोकमान्य नगर, इंदूर