पोट्टीचं नाव ठरलं बे

नागपूर, मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

तुझे तीन मिसकॉल पाहिले पण उचलले नाही, पोट्टी नुकतीच झोपली होती आणि आमच्या घरात सध्या कूलर सोडून कोणालाच आवाज करायची परवानगी नाही. म्हणून लिहूनच टाकतो, तसंही फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस.

तर नाव ठरलं. सुजाता.

हस, हसून घे एकदाचं. मलाही आधी तसंच वाटलं होतं, की अबे हे तर मावशी लोकांचं नाव आहे, लहानपणी इंदोऱ्यात गल्लीत कोणी सुजाताsss म्हणून हाक मारली की दोन-तीन घरांतून ओ यायची, आपल्याच वर्गात दोघी होत्या, आडनावावरून ओळखायचो. आता दवाखान्यात बायकोच्या वॉर्डात जेवढ्या पोरी झाल्या त्यातल्या कोणाचं कियारा, कोणाचं मायरा, दोघींचं आन्वी. बायकोनंही मोबाईलमध्ये लिस्ट बनवून ठेवली होती, सगळी दोन अक्षरी, आणि मी सुजाता म्हटल्यावर ती म्हणाली, काहून रे, बालवाडीतच पोरीला आंटी बनवायचं आहे का?

मी सुजाता म्हटलं नव्हतंच खरं तर, आजीनं म्हटलं होतं. तुला माहीत आहे ना माझ्या आजीचं नाव कचरा आहे. आधार कार्डावर पण तेच. त्या काळी नजर लागू नये, पोर जगावं म्हणून असली नावं ठेवत, कचरा, धोंडी, दगडी, पण आमच्या वस्तीत त्याला दुसरी बाजू पण होती, चांगलं नाव ठेवलं तं गावातले मोठे लोक तोंड वाकडं करत. आजी अकरा वर्षांची असताना, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली होती, पांढरं लुगडं मिळालं नाही म्हणून आईनं जुनं धोतर फाडून गुंडाळलं होतं तिला. आणि त्यानंतर दोन वर्षांनी घरात जी पोरगी झाली, म्हणजे आजीची सर्वांत लहान बहीण, तिचं नाव सुजाता. एकाच आईच्या पोटच्या दोघी, एक कचरा आणि एक सुजाता. मी इतकी वर्षं दोघींना आजी आणि छोटी आजी म्हणत आलो, माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

मग मी बसलो वाचत, रात्री जागणं आहेच. सु म्हणजे चांगलं आणि जात म्हणजे जन्मलेली, संस्कृतात आणि पालीत एकच शब्द, चांगल्या कुळातली असा अर्थ. (आमच्या ऑफिसातला एक जण ठासून सांगून राहिला होता की सुजाणवरून आलं, त्याचा काही संबंध नाही.) खिरीची गोष्ट तुला माहीत आहेच, उरुवेलाजवळच्या सेनानी गावची सुजाता, तिनं वडाला नवस केला होता चांगला नवरा आणि पहिला मुलगा व्हावा म्हणून, तो फेडायला खीर केली, दासी पुण्णा झाडाखाली झाडायला गेली तं तिथं सिद्धार्थ बसलेला, तिला वाटलं झाडाचा देवच बाहेर आला. त्या खिरीचे ४९ घास केले आणि पुढचे ४९ दिवस त्यावरच काढले असं पाली कथेत आहे. बोधगयेहून नदी ओलांडली की बकरौरला तिच्या नावाचा विटांचा मोठा स्तूप आहे, पुढच्या वर्षी तिघं जाऊ म्हणतो.

आणखी एक सुजाता आहे, बुद्धांचा श्रीमंत उपासक अनाथपिंडिक, त्याची सून, श्रीमंत माहेरची, सासू-सासरा-नवरा कोणाचंच ऐकत नव्हती, म्हणून बुद्धांनी तिला सात प्रकारच्या बायका समजावून सांगितल्या. हे मी आईला अजून सांगितलं नाही, सांगणारही नाही.

पण मला एक गोष्ट खटकली बे. वसल सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या एका उपदेशात, तर स्पष्ट आहे की जन्मानं कोणी नीच होत नाही आणि जन्मानं ब्राह्मणही होत नाही, कर्मानं होतो. मग आपल्याच लोकांनी जन्माचं नाव एवढं काहून धरलं? आजीला विचारलं. ती वाटाणे सोलत होती, वर न बघता म्हणाली, "आमच्या जन्माले लोकं काय काय म्हनत होते, आम्हीच एकडाव चांगला म्हनून घेतला तं काय बिघडलं?" आणि मला म्हणाली सोलू लाग, बसून काय राह्यला.

बायको मात्र यानं नाही पटली, ती वेगळ्याच गोष्टीनं पटली. तिच्या टीममध्ये चेन्नईची एक सुजाता आहे, तिकडे इंग्रजीत लिहिताना टी नंतर एच लावतात, तिनं हिला सांगितलं की तमिळमध्ये सुजाता म्हटलं की लोकांना आधी एक पुरुषच आठवतो, एस. रंगराजन, ज्यानं आयुष्यभर बायकोच्या नावानं लिहिलं, आणि वरून इंजिनिअर, बंगलोरला इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या कामात होता. हे ऐकून बायको मला म्हणे, तू लिहिशील का माझ्या नावानं? मी म्हटलं मला माझ्याच नावानं कोणी वाचत नाही. त्या हसण्यात नाव पास झालं, फक्त घरात सुजू म्हणायचं ही तिची अट.

जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे, वर्षभरात टाकलं तर फी नाही लागत, पण आजी घाई करून राहिली. रविवारी भंतेजी येतील, त्रिशरण पंचशील झालं की जेवण, खीर आजीच करणार आहे, कोणाला पातेल्याजवळ येऊ देत नाही. छोटी आजी पण येते कामठीवरून, तिला अजून सांगितलं नाही नाव. तू शनिवारी रात्रीच निघ पुण्याहून, स्टेशनवर मी घ्यायला येतो, आणि बाळासाठी खेळणी नको आणू बावा, मलमलचे लंगोट आण, जेवढे मिळतील तेवढे, इथं दिवसाला वीस लागून राहिले.

तुझा,
झोप न झालेला बाप