ग्रंथातली ओळ आणि १९१ वा नमुना

महोदय,

हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ यूयू तू (तू हे आडनाव) यांच्याविषयी लिहून येते तेव्हा बहुधा दोनच गोष्टी ठळक होतात : २०१५ चे नोबेल आणि चौथ्या शतकातील चिनी वैद्य गे होंग यांच्या औषधी कृतींच्या ग्रंथातील एक ओळ. वाचकाचा समज असा होतो की औषध ग्रंथात तयारच होते, बाईंनी पान उलटले इतकेच. या समजाने त्यांच्या कष्टांवर बोळा फिरतो, म्हणून हे पत्र.

जानेवारी १९६९ मध्ये हिवतापावर नवे औषध शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा क्लोरोक्विन या प्रचलित औषधाला न जुमानणारा हिवताप आग्नेय आशियात पसरला होता. त्यांच्या गटाने दोन हजारांच्या आसपास जुन्या कृती गोळा केल्या, त्यातल्या ६४० निवडल्या आणि सुमारे २०० वनौषधींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. चिंगहाओ या वनस्पतीच्या एका अर्काने हिवतापाच्या परजीवींची वाढ ६८ टक्के रोखली. पुन्हा करून पाहिले तर आकडा १२ ते ४० टक्क्यांत घुटमळू लागला. संशोधकाला याहून जाचक अवस्था नाही. साफ अपयश आले तर वनस्पती बाजूला ठेवता येते; कधी लागू, कधी नाही, असे झाले की खोट पाल्यात आहे, हंगामात आहे की अर्क काढण्यात, हेच कळत नाही.

यूयू यांनी संशय घेतला तो अर्क काढण्याच्या रीतीवर. गे होंग यांनी मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले आहे. काढ्यासारखे उकळायला नाही. उष्णतेने गुण जात असावा, हा तर्क त्यातून निघाला. ओळीचा उपयोग मात्र इथेच संपतो. आर्टेमिसिनिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कृती जशीच्या तशी केली असती तर हाती फारसे लागले नसते. म्हणून सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणारे ईथर हे द्रावक वापरले गेले. त्या अर्कातला आम्लधर्मी भाग विषारी होता आणि हिवतापावर निरुपयोगीही. तो वेगळा काढून उरलेला उदासीन भाग तपासला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांतील परजीवींवर १०० टक्के परिणामकारक ठरला.

आकडे का डळमळत होते, तेही उलगडत गेले. चिंगहाओशी मिळत्याजुळत्या सहा जाती तपासल्यावर आर्टेमिसिनिन हे तत्त्व एकट्या आर्टेमिसिया ॲन्युआत सापडले. तेही पानांत, आणि फुलोरा येण्याच्या थोडे आधी सर्वाधिक. बीजिंग परिसरातल्या पाल्यात ते अगदी कमी, सिचुआनच्या पाल्यात भरपूर. यातले काहीही त्या ओळीत नव्हते.

सांस्कृतिक क्रांतीमुळे औषधांचे कारखाने बंद होते, म्हणून घरगुती पाण्याच्या रांजणांत ईथर घालून अर्क काढावा लागला. खोल्यांत पुरेशी हवा खेळत नव्हती. सहकारी आजारी पडले, यूयू यांच्या यकृताला सूज आली. प्राण्यांवरील चाचण्यांत विषारीपणाची शंका निघाली, तेव्हा हिवतापाचा हंगाम हातचा जाऊ नये म्हणून जुलै १९७२ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह रुग्णालयात दाखल होऊन अर्क आधी स्वतः घेतला. त्यानंतर हायनान बेटावरील २१ रुग्णांना तो दिला आणि गुण आला. नोव्हेंबरमध्ये शुद्ध स्फटिक मिळाले.

आणि १९७३ मध्ये पुन्हा ठेच लागली. शुद्ध तत्त्वाच्या गोळ्या हायनानला पाठवल्या, परिणाम निराशाजनक. इथे औषधावरच फुली मारणे सोपे होते. तपासात दिसले की गोळ्या नीट विरघळतच नाहीत. तेच तत्त्व कॅप्सूलमध्ये भरून दिल्यावर रुग्ण बरे झाले. आमच्या मते सगळ्या कहाणीत सर्वाधिक शिकवणारा प्रसंग हाच, आणि नेमका तोच क्वचित छापला जातो.

ग्रंथात सगळे होतेच, या समजाचा एक थेट तोटाही आहे. चिंगहाओचा चहा पिऊन हिवताप बरा होतो, असे काही लोक सांगतात. चहात तत्त्व किती उतरले याचा भरवसा नसतो. अपुऱ्या मात्रेत परजीवी तग धरतात आणि औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अशा वापराला पाठिंबा नाही. शुद्ध आर्टेमिसिनिनही शरीरात काही तासच टिकते. म्हणून त्याच्या जोडीला दीर्घकाळ टिकणारे दुसरे औषध देतात आणि तीन दिवसांचा क्रम असतो. पहिल्याच दिवशी ताप उतरला म्हणून पुढचे डोस सोडले, तर उरलेले परजीवी पुन्हा वाढतात. यूयू यांच्यावर पुढे कधी लेख छापाल, तेव्हा एवढा मजकूर चौकटीत जरूर द्यावा, ही विनंती.

– वनौषधी रसायनशास्त्राचे अभ्यासक