पूर ओसरल्यावर आई-बाबांना

ती. आई-बाबा,

सा. नमस्कार.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. आई, तू म्हणालीस, "देवानंच वाचवलं गं तुला," आणि मी गप्प बसले. मागून बाबांचा आवाज आला, "आता ती मास्तरकी पुरे म्हणावं, आधी दवाखाना उभा कर." त्यावरही मी काही बोलले नाही. उत्तरं दोन्हींना आहेत. पण फोनवर सांगायला गेलं की तुम्ही दोघं मध्येच सुरू होता, मग माझा आवाज चढतो आणि आईला वाटतं मी खचलेय. म्हणून लिहिते आहे.

आधी नुकसानीचं सांगते, म्हणजे बाबांच्या डोक्यातला हिशोब सुरू होईल. दवाखान्यात पाणी छातीपर्यंत चढलं होतं. पाण्यानं जेवढं बिघडवलं त्याहून जास्त गाळानं बिघडवलं. दातांच्या पेशंटची खुर्ची वरून धुतली की ठीकठाक दिसते, पण तिच्या पोटात हवेच्या आणि पाण्याच्या बारीक नळ्या असतात. त्यांत गाळ बसला की तो कुणाच्या बापाला निघत नाही. कंप्रेसरची मोटर गेली. एक्स-रेचं मशीन गेलं, संगणक गेला. दात कोरायचा हँडपीस मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. त्याच्या बेअरिंगमध्ये चिखलाचा एक कण शिरला तरी खेळ खलास, इथे तर ट्रेच्या ट्रे गाळात होते. औजारं मात्र बहुतेक वाचली. साधं स्टेनलेस स्टील, घासून-पुसून पुन्हा हजर.

सगळ्यात गंमत प्लास्टरची झाली. (गंमत म्हणतेय, आई, रडू नकोस.) जबड्याची मॉडेलं ओतायला लागणाऱ्या प्लास्टरच्या गोण्या खाली ठेवलेल्या होत्या. पाणी लागलं की ते घट्ट होणारच, त्यासाठीच तर ते असतं. पाणी उतरल्यावर गोणपाट फाडलं तर आत गोणीच्या आकाराचे दगड, वर गोणपाटाच्या विणीचा ठसा जसाच्या तसा. दोन माणसांना उचलवेनात, शेवटी छिन्नी-हातोड्यानं फोडून बाहेर काढले. वरच्या फळीवरची पेशंटांची जुनी मॉडेलं तेवढी कोरडी राहिली. त्यांचं पुढे सांगते.

बाबा, आता मास्तरकीचं.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे. दंतवैद्यकीच्या कॉलेजात शिकवून मिळणाऱ्या पैशांत कंप्रेसरसुद्धा येत नाही, आणि तिथे घालवलेला प्रत्येक दिवस दवाखान्याच्या गल्ल्यातून जातो. हिशोब बरोबर आहे. पण पूर ओसरला त्या आठवड्यात माझ्याकडे खुर्ची नव्हती, वीज नव्हती, एक्स-रे नव्हता, आणि निवाऱ्याला आणलेली माणसं गाल धरून बसली होती. किडका दात दिवसा कुरकुरतो आणि रात्री आडवं झालं की ठणकतो, कारण डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या आतल्या नसेला फुगायला जागा नसते. शेकडो माणसं एका हॉलमध्ये जमिनीवर झोपलेली असताना चार जण रात्रभर कण्हत असतील तर कुणाचाच डोळा लागत नाही. साप, ताप, जुलाब यांच्यापुढे दातदुखी कुणाच्या यादीत नसते. डॉक्टरांच्या तर नसतेच.

तिथे माझे विद्यार्थी आले. मी बोलावलं नव्हतं. ज्यांच्या खोल्या बुडाल्या नव्हत्या ते आपापले औजारांचे डबे घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, ए.आर.टी. करू या का?"

ए.आर.टी. म्हणजे वीज आणि ड्रिल न वापरता दात भरायची पद्धत. १९८०च्या दशकात टांझानियात, जिथे वीज पोचली नव्हती अशा गावांसाठी ती बसवली गेली. किडलेला मऊ भाग हाताच्या औजारानं खरवडून काढायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. पूड आणि द्रव हातानं कालवायचं, ते दाताला आपोआप चिकटतं, घट्ट व्हायला दिवा लागत नाही आणि नंतर थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. अभ्यासक्रमात याला जागा केवढी, तर टीप लिहा, पाच गुण. चकचकीत खुर्चीत बसून शिकणाऱ्या पोरांना ही गरिबांची दंतवैद्यकी वाटते. मी मात्र दरवर्षी हट्टानं प्रत्येकाकडून ती करवून घेते, आणि दरवर्षी कुरकुर ऐकते.

निर्जंतुकीकरणाला ऑटोक्लेव्ह नव्हता. मग प्रेशर कुकर. ऑटोक्लेव्हमध्ये तरी काय होतं, चौरस इंचाला पंधरा पौंड दाब आणि १२१ अंशांची वाफ. घरचा कुकर साधारण तेवढाच दाब धरतो. हवा आधी पूर्ण बाहेर जाऊ द्यायची, मग शिट्टी बसवायची, वाफ भरल्यावर वीस मिनिटं धरून ठेवायचं. पोरांनी घड्याळ लावून पाळ्या केल्या होत्या. कुकरवर एक जण, नोंदवहीवर एक, बॅटरी धरायला एक.

त्यांतल्या एका मुलीचं सांगते. पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरताना तिचा हात इतका कापायचा की दाढेचे सगळे उंचवटे सपाट व्हायचे. वर्गात हसायचे तिला. त्या मुलांना मी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकवून घेते, ती म्हणजे फिंगर रेस्ट. औजार धरलेल्या हाताची अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली पाहिजे. पेशंट दचकला, खोकला, मान वळवली तरी हात त्याच्या जबड्याबरोबर हलतो आणि औजार घसरत नाही. निवाऱ्यात तिच्यासमोर एक आजी बसल्या होत्या, प्लास्टिकच्या खुर्चीत, मान मागे भिंतीला टेकवून. बॅटरीचा उजेड थरथरत होता, कारण धरणारा पोरगा दोन रात्री झोपला नव्हता. मुलीनं औजार उचललं, आजींच्या ओठाला हलकेच बाजूला केलं, आणि खरवडायला लागण्याआधी अनामिका पुढच्या दातावर टेकवली. आजी मध्येच हुंदका देऊन रडायला लागल्या, दुखलं म्हणून नव्हे, घर आठवलं म्हणून. अख्खं डोकं हललं. औजार जिथल्या तिथे राहिलं.

बाबा, मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. माझी एक खुर्ची बुडाली की माझा दवाखाना संपतो. तिथे त्या दिवशी अकरा जोड्या हात होते, आणि त्यांतला एकही माझ्या गल्ल्यातून उभा राहिला नसता. मी दवाखाना पुन्हा सुरू करणार आहे, पण लहान, एकाच खुर्चीचा, आणि वरच्या मजल्यावर. कॉलेज सोडणार नाही. यावर तुम्ही रागवाल आणि चार दिवसांनी पुन्हा हिशोब मांडून पाठवाल. पाठवा.

आई, आता तुझं.

तू विचारलंस ना, आवाज असा का येतोय. फोनवर सांगितलं नाही, कारण तू जेवली नसतीस. पाणी उतरल्यावर पोलीस ठाण्यातून फोन आला. एक देह सापडला होता, ओळख पटत नव्हती. एका मुलीचे वडील बेपत्ता होते आणि ते माझे पेशंट होते. कागदांचा तर लगदा झाला होता. पण मघाशी म्हटलं ना, वरच्या फळीवरची मॉडेलं वाचली. त्यांच्या खालच्या जबड्याचं मॉडेल तिथे होतं, कॅप बसवताना मीच माप घेतलेलं. ते मी फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. डावीकडच्या पहिल्या मोठ्या दाढेवर कॅप, तिच्यामागची दाढ काढलेली, आणि उजवा सुळा थोडा फिरलेला. तो सुळा मी लगेच ओळखला. चेहरा नसता ओळखला.

दाताचं एनॅमल म्हणजे वजनानं ९६ टक्के खनिज. शरीरात त्याहून कठीण काही नाही, पाणी आणि आगही त्याच्यापुढे बऱ्याच अंशी हरतात. १८९७ साली पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजाराला आग लागून सव्वाशे माणसं गेली. त्यांतली काही दातांवरूनच ओळखली गेली, आणि त्यावर ऑस्कर आमोएदो नावाच्या दंतवैद्यानं जे लिहिलं त्यातून दातांवरून ओळख पटवायची ही विद्याशाखा उभी राहिली. २००४च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये परदेशी पर्यटकांची ओळख मोठ्या प्रमाणावर दातांवरून पटली. त्यांच्या देशांतल्या दवाखान्यांत नोंदी होत्या. तिथल्या स्थानिकांच्या बहुतेक नव्हत्या. हे मी वर्गात शिकवते, म्हणून नोंदी नीट लिहा म्हणून ओरडते. पण शिकवणं वेगळं आणि ते मॉडेल हातात धरून उभं राहणं वेगळं.

ती मुलगी बाहेर बाकावर बसली होती. मी सांगितल्यावर ती खूप वेळ काही बोलली नाही. मग हात जोडून म्हणाली, "निदान सापडले तरी. देवाची कृपा."

आई, दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला आणि तूही तेच म्हणालीस. म्हणून मी गप्प बसले. मला वाचवणारा देव आणि त्या माणसाला न वाचवणारा देव एकच असेल, तर मी त्याचे आभार कुठल्या तोंडानं मानू? वाचले ते पुण्यवान, असं म्हटलं की बुडाले ते कोण, हेही आपण बोलून जातो. १९३४ साली बिहारचा भूकंप झाला तेव्हा खुद्द गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला, निसर्गाच्या घडामोडींना नीतीची कारणं लावू नका म्हणून. गांधीजींचा मोठेपणा असा की तो विरोध त्यांनी स्वतःच्याच 'हरिजन' साप्ताहिकात छापला आणि तरी आपलं म्हणणं सोडलं नाही. बाबा, तुम्ही गांधींच्या बाजूचे, हे ठाऊक आहे मला. या एका बाबतीत मी रवींद्रनाथांच्या बाजूची.

पण म्हणून मी देव सोडला असं समजू नकोस, आई. ख्रिस्ती लोकांत दातदुखीची एक संत आहे, अपोलोनिया. अलेक्झांड्रियात इसवी सन २४९च्या सुमारास जमावानं तिचे दात फोडले आणि तिनं आगीत उडी घेतली. तिला कुणी वाचवलं नाही. तरी शेकडो वर्षं दात ठणकणारी माणसं तिच्याचकडे गेली. मला वाटतं, तिला ते दुखणं माहीत होतं म्हणून गेली. असा देव मला समजतो. वरून बघून कुणाला उचलायचं ते ठरवणारा समजत नाही.

आणि एक तुला बरं वाटावं म्हणून नाही, खरं आहे म्हणून सांगते. इंजेक्शन देण्याआधी मनात तुझी ती ओळ म्हणायची सवय मला पहिल्या पेशंटपासून आहे. निवाऱ्यातही म्हणत होते. पोलीस ठाण्यात मॉडेल फडक्यातून काढतानाही म्हटली. ती ऐकणारा कुणी आहे का, यावर आपण दोघी भेटल्यावर भांडू.

आता कामाचं. निवाऱ्यात कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या घरीच राहिल्या, रात्री पाणी शिरलं आणि माणसं तशीच उठून पळाली. नवी कवळी एका दिवसात होत नाही. माप, चावा, मेणावर बसवून बघणं, मग पक्की करणं. तोवर त्या माणसांना वाटलेलं कोरडं खाणं चावता येत नव्हतं. तेव्हा बाबा, तुमची कवळी रात्री पाण्यात ठेवता ती झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबी उशाशी, औषधांच्या पिशवीत. पाणी साधं, गरम नको, आकार बिघडतो. घासायला टूथपेस्ट वापरू नका, चरे पडतात. आई, तुझ्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणालीस. रक्त येतं म्हणून ब्रश बंद करायचा नाही, मऊ ब्रशनं दोन्ही वेळा घासायचं, आणि साखर तपासून आकडा मला कळवायचा. हिरड्या आणि साखर एकमेकींना बिघडवतात.

पैसे पाठवू नका. पाठवायचंच असेल तर बाबांच्या फाइलमध्ये माझ्या पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स आहे, ती स्पीड पोस्टनं पाठवा. मूळ प्रत भिजून गेली आणि दुसऱ्या प्रतीच्या अर्जाला झेरॉक्स जोडावी लागते. नोंदणी दाखल्याची असेल तर तीही.

तुमची
लेक