बोर्ड 'इको'चा, तांदूळ मात्र बाहेरचा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ताडोब्याजवळच्या इको-रिसॉर्टवरचा लेख वाचला, फोटो मस्तच होते. बांबूचे स्ट्रॉ, काचेच्या बाटल्या, सोलर, सगळं आलं त्यात, फक्त ताटात काय होतं अन् ते कुठून आलं याच्यावर एक ओळ नाही. माझं म्हणणं एवढंच की रिसॉर्ट इको आहे का नाही ते रिसेप्शनवर नाही, किचनच्या मागच्या दारी उभं राहून पाहावं लागते.

मी चिमूर तालुक्यातला, ताडोब्याच्या कोलारा गेटकडचा, धान लावतो. बाजूचाच नागभीड तालुका, तिथल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या थोडक्याशा जमिनीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपून जपून एचएमटी नावाचा धानाचा वाण काढला, दूरदूरच्या राज्यांत गेला तो. २०१८ मध्ये दादाजी गेले. अन् त्यांच्या गावापासून गाडीनं थोड्याच वेळाच्या अंतरावर पाहुण्याला वाढतात काय, तर बासमती! एका मॅनेजरला विचारलं तर म्हणे काका, गेस्टला लांब दाणाच लागते. बापा, गेस्टला कोणी विचारलं का कधी?

मासोळीचंही तेच. आमच्या भागात मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव आहेत, ढिवर बांधव त्यात मासोळी अन् शिंगाडा घेतात, पण रिसॉर्टात थर्माकोलच्या डब्यातली बर्फाची मासोळी येते अन् तो डबा नंतर नाल्यात दिसते. जवसाची चटणी, तुरीची डाळ, अंबाडी, हे सगळं गावातून घेता येते. रानातल्या गोष्टींचं मात्र मी म्हणणार नाही हं, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) अन् सात्या (रानातली अळंबी) रोज बुफेत ठेवल्या तर दोन पावसाळ्यांत बांबूची बेटं बोडकी होतील, ते आमच्यापुरतंच राहू द्या.

आता मॅनेजर लोकांचीही बाजू आहे, रोज ठरलेला माल गाव देऊ शकत नाही म्हणतात, अन् ते काही पूर्ण खोटं नाही. पण आमच्या बचत गटाच्या बायांनी एका ठिकाणी भाजी दिली तर पैसे महिने-महिने लटकले, मग कोण देईल? मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला वेळेवर पैसे जातात अन् गावच्या बाईला उधारी, ही कुठली सस्टेनेबिलिटी.

उरलेल्या अन्नाचं तर विचारूच नका. कुंपणाबाहेर फेकलं की डुकरं अन् कुत्री जमतात, कुत्र्यांच्या मागं बिबट येते, अन् मग गावातल्या लेकराला संध्याकाळी बाहेर सोडायची सोय नाही. गड्डा खणून खत करायला काय मोठा खर्च लागते? ते खत मीच विकत नेईन.

रात्रीचे फोकस हा आणखी एक ताप. पेंचकडे बघा, सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांत रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करून लावले, अन् जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेलं जंगल, झालं. गावांत जमलं ते लाखाच्या स्विमिंग पूलवाल्याला जमत नाही, असं कसं.

एक गोष्ट चांगली आहे ती पण सांगतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतलं जंगल, बंद राहते, तेव्हाच आमची रोवणी असते, म्हणून जिप्सीवाली पोरं बांधीत उतरतात अन् दोन्हीकडचं जमते. पण सगळ्यांकडे कुठं शेती आहे, ज्याच्याकडे नाही त्याचा त्या तीन महिन्यांचा पगार रिसॉर्टनं काहून थांबवावा? बफर, म्हणजे कोअरच्या भोवतालचं जंगल, तर पावसाळ्यातही सुरूच असते.

तर विनंती अशी की प्रत्येक रिसॉर्टनं गेटवर एक पाटी लावावी, या महिन्यात कोणत्या गावाकडून काय घेतलं अन् किती रुपयांचं. ग्रामपंचायतीनं ती पाटी दर महिन्याला तपासावी. अन् तुमच्या पुरवणीत पुढचा लेख आला तर वार्ताहरानं स्टोअररूममध्ये जाऊन तांदळाच्या कट्ट्यावरचं नाव तेवढं वाचून यावं.

आपला,
एक धान उत्पादक वाचक
ता. चिमूर, जि. चंद्रपूर