कॅम्परव्हॅनला चैनीची मोटार समजणे थांबवा

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली कितीतरी मुले शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने इंग्लंड, जर्मनी, जपानला गेली आणि त्यांतली काही आता आईवडिलांसाठी परत येऊ लागली आहेत. येताना तिकडची कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय कारखान्यातच बसवून मिळणारी गाडी, इकडे आणता येईल का, असा प्रश्न आमच्याही घरात निघाला. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे इंग्लंडहून कायमचे टिळकवाडीत राहायला येणार होते. नियम शोधणे, कस्टम एजंटांशी बोलणे आणि आरटीओत चौकशी करणे हे काम माझ्याकडे आले. गाडी आणायची नाही असे शेवटी ठरले. त्यामागची कारणे इतर कुटुंबांना पैसे गुंतवण्याआधी कळावीत आणि त्यातला सरकारच्या हातातला भाग आपल्या लोकप्रतिनिधींनी मनावर घ्यावा, यासाठी हे पत्र.

अशा गाडीची हौस कशाला, असे विचारणारे भेटतातच. त्यांनी पौष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर एक फेरी मारावी. टेम्पोतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, पूर्वी बैलगाडीतून, भांडीकुंडी, शिधा आणि अंथरुणे घेऊन माणसे येतात, झाडाखाली चूल मांडून नैवेद्य करतात आणि रात्र उघड्यावर काढतात. गाडीत संसार भरून देवाला जाणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यात हाल होतात ते म्हाताऱ्या माणसांचे आणि बायकांचे. माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिचे गुडघे वाकत नाहीत. आंबोलीला जायचे म्हटले तरी वाटेत सोय कुठे आहे, हा तिचा पहिला प्रश्न असतो आणि आदल्या संध्याकाळपासूनच ती पाणी पिणे कमी करते. अशा माणसाला पाठ टेकायला जागा, गरम पेज करायला शेगडी आणि झाकणाचा संडास गाडीतच मिळणे, याला चैन म्हणणे मला मुळीच पटत नाही.

मग इथेच एखादी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन ती बनवून का घेऊ नये, हा पुढचा प्रश्न. आम्ही अशी एक गाडी आतून बारकाईने पाहिली. मागचे बाक म्हणजे प्लायवूडचा खोका होता आणि सीटबेल्टचे पट्टे त्या प्लायलाच स्क्रूने मारलेले होते. हाताने जोर लावून ओढल्यावर खोका जमिनीपासून हलला. पलंगाखालच्या कपाटात घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर आडवा ठेवलेला होता आणि त्या कपाटाच्या तळाला एकही भोक नव्हते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातून थेट गाडीबाहेर निघणारी वाट लागते आणि सिलिंडर उभाच ठेवावा लागतो. हे काम करणाऱ्या कारागिरांचे हात चांगले आहेत, त्यांच्या सुतारकामाला नावे ठेवायला जागा नाही. पण बाक किती जोराचा धक्का सोसेल हे कुणी तपासलेले नाही आणि तसे तपासायला त्यांना कुणी सांगितलेलेही नाही.

कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली आहे. छप्पर कापून वर उचलणारे छत बसवलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा याच मुद्द्यावर बोट ठेवेल.

कारखान्यातल्या गाडीचे मोल इथे कळते. युरोपात मोटार कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे कॅम्परव्हॅनसारख्या गाड्यांच्या, राहण्याच्या भागासाठी ईएन १६४६ आणि गॅसच्या जोडणीसाठी ईएन १९४९ अशी मानके आहेत. फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया ही त्यांतली सर्वांत ओळखीची गाडी. वेस्टफालिया ही कंपनी १९५१ पासून फोक्सवॅगनच्या गाड्यांना असे साज चढवत होती. २००३ नंतर फोक्सवॅगनने हे काम हॅनोव्हरला स्वतःकडे घेतले. साधारण दोन मीटर उंचीच्या त्या गाडीत खाली दोघे आणि उचललेल्या छतात दोघे झोपतात, शेगडी आणि छोटा फ्रिज असतो, आणि एरवी ती रोजच्या कामाला चालते. आमच्या डोळ्यांसमोर हीच गाडी होती.

आता आयातीकडे वळतो, कारण लोकांचे सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. परदेशातून कायमचे परतणाऱ्यांना घरसामानाबरोबर गाडीही सवलतीत आणता येते, असे मला निदान चार शहाण्या माणसांनी सांगितले. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २(३) मध्ये बॅगेजची, म्हणजे प्रवाशाच्या सामानाची, जी व्याख्या आहे, तिच्यातून मोटार वाहन स्पष्टपणे वगळलेले आहे. गाडी कंटेनरमध्ये फ्रिजशेजारी ठेवली, तरी तिचा हिशेब वेगळाच होतो.

वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवे, वेग किलोमीटरमध्ये दाखवणारा मीटर हवा, दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा आणि गाडी पुढची किमान पाच वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा दाखला पाठवणाऱ्या देशातल्या तपासणी संस्थेकडून निघायला हवा. ती उतरते फक्त मुंबई बंदरात, आणि तिथून पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहने तपासणाऱ्या संस्थांकडे पुन्हा तपासणीला जाते. इंग्लंडमध्ये जपानी मझदा बाँगो फ्रेंडीवर बेतलेल्या कॅम्पर खूप दिसतात आणि स्वस्तही मिळतात. पण ती गाडी २००५ च्या सुमारास बनायची थांबली, तेव्हा तिचा विषय आपल्यापुरता संपलेला आहे. इंग्लंडमधल्या मैलाच्या मीटरचे कामही निघण्याआधीच करून घ्यावे लागते.

नवी गाडी आणावी म्हटले तर वेगळाच पेच. नवी म्हणजे कुणाला विकलेली, भाड्याने दिलेली किंवा नोंदवलेली नसावी, आणि ती जिथे बनली त्याच देशातून आली पाहिजे. जर्मनीत बनलेली गाडी इंग्लंडच्या दुकानातून घेतली, तर ही दुसरी अट तिथेच मोडते. शिवाय भारतात न विकल्या जाणाऱ्या मॉडेलची केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालची मान्यता, म्हणजे ते मॉडेल चाचणीत उतरल्याचा दाखला, कुणी घ्यायचा? २०१८ मध्ये वर्षाला २५०० गाड्यांपर्यंत या मान्यतेतून सूट देण्यात आली, पण ती उत्पादक आणि त्यांच्या अधिकृत प्रतिनिधींसाठी आहे. एकच गाडी आणणाऱ्या कुटुंबाला त्यात जागा नाही. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाताना परदेशी नंबरच्या कॅम्पर आपण पाहतो; त्या कार्नेवर, म्हणजे ठरावीक मुदतीत देशाबाहेर परत नेण्याच्या हमीवर आलेल्या पर्यटकांच्या असतात. इथे राहणाऱ्या माणसाला ती वाट नाही.

पैशांचे गणित तर मांडूनच दाखवतो. जहाजाचे भाडे आणि विम्यासह गाडीची किंमत ५० लाख रुपये धरली, तर नव्या गाडीवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के, असे ११० टक्के लागतात. म्हणजे रक्कम १ कोटी ५ लाख होते. त्यावर ४० टक्के जीएसटी धरला की १ कोटी ४७ लाख. वापरलेल्या गाडीवर ११० ऐवजी १३७.५ टक्के लागतात, त्यामुळे तेवढ्याच मूल्याची गाडी १ कोटी ६६ लाखांच्या पुढे जाते. वापरलेल्या गाडीचे मूल्य आपल्या खरेदीच्या पावतीवर ठरेलच असेही नाही; नवीन गाडीच्या किमतीतून वयानुसार ठरलेली घट वजा करून कस्टम अधिकारी ते काढतात, म्हणून ओळखीत स्वस्त मिळालेल्या गाडीचा फायदा बंदरावर उरत नाही. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारावर काहींनी आशा ठेवली आहे, पण तशी सवलत ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालाला असते आणि कॅलिफोर्निया बनते जर्मनीत.

यानंतर आपल्या सीमाभागाचा खास प्रश्न येतो. घर बेळगावात, शेत चंदगड तालुक्यात, मुलगी कोल्हापुरात, अशी कितीतरी कुटुंबे आहेत, आणि बेळगावच्या केए-२२ ऐवजी कोल्हापूरचा एमएच-०९ नंबर घेतला तर कर वाचेल का, हा विचार त्यांच्या मनात येतोच. कायदा सांगतो की मालक जिथे राहतो किंवा गाडी जिथे एरवी असते तिथे नोंदणी करावी, आणि दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तिथला नंबर घ्यावा. महाराष्ट्रात आयात मोटारीला २० टक्के कर आहे, त्यामुळे कोगनोळीचा सीमानाका ओलांडून हाती काही लागत नाही. कर्नाटकात मोटार कार म्हणून नोंद झाली तर २० लाखांवरील गाडीला १८ टक्के आजीवन कर आणि त्यावर उपकर पडतो, तोही सीमाशुल्क धरून झालेल्या किमतीवर. वरच्या उदाहरणात हा कर एकटाच २६ लाखांच्या पुढे जातो. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वाहनांच्या यादीत अशा गाडीचा वेगळा प्रकार दिलेला आहे, तरीही चौकशीला गेलो तेव्हा एका खिडकीवर कार, दुसऱ्या खिडकीवर ओम्नी बस असे उत्तर मिळाले. ज्यांना गाडी आणायचीच आहे, त्यांनी वर्ग कोणता लागेल याचे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय परदेशात एक पैसाही देऊ नये.

गाडी आली तरी ती नांदवायची असते. कॅलिफोर्नियातल्या शेगडीला लागणारा कॅम्पिंगगॅझचा छोटा निळा सिलिंडर आपल्या गॅस एजन्सीत बदलून मिळत नाही, आणि आपला पाच किलोचा सिलिंडर त्याच्या कप्प्यात कसाबसा कोंबणे धोक्याचे आहे. विजेची शेगडी असलेला प्रकार त्यापेक्षा बरा. जर्मन गाडीची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असते, जपानी गाडीची १०० व्होल्टची; तिला आपली वीज थेट जोडली तर गाडीतला चार्जर जळेल. उजव्या स्टिअरिंगची असूनही राहण्याच्या भागाचे दार उजवीकडे, म्हणजे रहदारीच्या बाजूला उघडणाऱ्या युरोपीय गाड्या असतात. आजीला हात धरून उतरवायचे असेल तर हे आधी पाहावे. उचलत्या छताचे कापड आंबोली-जांबोटीच्या पावसात एकदा ओले मिटले की त्याला बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर ते उघडून पूर्ण वाळवावे लागते, आणि आपल्याकडे जुलैत तसा कोरडा दिवस सापडणे अवघड. काच फुटली किंवा छताचा पंप बिघडला तर सुटा भाग परदेशातूनच मागवावा लागतो.

हे सगळे पाहून आमच्या कुटुंबाने माघार घेतली. ही माघार मला खटकते, कारण सुरक्षित गाडीची वाट बंद झाली की माणसे प्लायवूडच्या खोक्याकडेच वळतात आणि त्यात आपली लेकरे बसवतात. सीमाशुल्काच्या ८७०३ या शीर्षकाखाली रुग्णवाहिका आणि कैद्यांच्या गाड्यांना स्वतंत्र ओळ आहे. तशीच ओळ मोटार कॅरॅव्हॅनला द्यावी, कुटुंबाला एकच आणि ठरावीक वर्षे न विकण्याच्या अटीवर तिचा दर कमी करावा, आणि एका गाडीच्या मान्यतेसाठी पुण्यातल्या संस्थेत सोपी पद्धत ठरवावी, ही माझी केंद्र सरकारकडे मागणी आहे. त्याहून निकडीचे काम इथल्या इथे होण्यासारखे आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे. उद्यमबागेत यंत्रभाग घडवणारे आणि ऑटोनगरात गाड्यांच्या बॉड्या बांधणारे कसबी लोक आहेत. त्यांच्यातल्या पाच-सहा जणांनी मिळून एकच आराखडा त्या मानकानुसार पुण्यातून मंजूर करून आणावा आणि त्या तपासणीच्या खर्चाचा भार राज्याच्या उद्योग खात्याने उचलावा.

पर्यटन खात्यालाही एक विनंती आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले. आपल्याकडे सौंदत्ती, गोकाक धबधबा आणि हिडकल धरण या तीन ठिकाणी गाडी रात्रभर उभी करण्याची जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, अर्थिंग असलेला विजेचा बोर्ड आणि गाडीतल्या संडासाची टाकी गटाराला जोडून रिकामी करण्याची सोय एवढे केले तरी पुष्कळ होईल. ही शेवटची सोय नसेल तर ती घाण मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठावरच पडणार आहे. बेळगाव आणि चिकोडीच्या खासदारांनी सीमाशुल्काचा प्रश्न संसदेच्या येत्या अधिवेशनात लेखी विचारावा आणि मिळालेले उत्तर आपल्या दैनिकाने छापावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव