सोका म्हणता, मग शॉर्टीचं नाव पण घ्या की

संपादक साहेब, स.न.वि.वि.

वेस्ट इंडिजची मॅच आली की पेपरात 'कॅलिप्सो' (त्रिनिदादची लोकगाणी) हा शब्द हमखास टाकतात, पण ते गाणाऱ्यांवर, किंवा त्यातून 'सोका' हा नवा गाण्याचा प्रकार काढणाऱ्या शॉर्टीवर, एक ओळ सापडेल तर शपथ, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. त्रिनिदादमधल्या लेंगुआ गावी १९४१ साली गारफिल्ड ब्लॅकमन जन्मला, स्टेजवरचं नाव लॉर्ड शॉर्टी, आणि गडी सहा फुटांच्या वर! आजूबाजूची वस्ती बरीचशी भारतीय, उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांची पोरंनातवंडं (पहिलं जहाज १८४५ चं), त्यामुळे ढोलक आणि धंताल लहानपणापासून कानावर. धंताल म्हणजे काय तर एक लांब लोखंडी सळई, तिच्यावर नालासारख्या तुकड्याने टणटण ठोके मारायचे, बास.

सत्तरच्या दशकात कॅलिप्सो आता मरतोय अशी बोंब चालू होती, तेव्हा ह्याने तोच ढोलक-धंतालचा ठेका गाण्यात घेतला, १९७३ ला 'इंद्राणी' आलं, आणि लोक चिडले की हा कॅलिप्सोची वाट लावतोय. मग पठ्ठ्याने काय करावं, ढोलक-धंताल काढले पण त्यांचा ठेका गिटार आणि ड्रमसेटवर चढवला, १९७४ चं 'एंडलेस व्हायब्रेशन्स' ऐका म्हणजे कळेल. हाच सोका.

पुढे सगळा झगमगाट सोडून बायकापोरांसकट त्रिनिदादमधल्याच पिपारोच्या रानात राहायला गेला, 'रास शॉर्टी आय' असं नाव लावलं, देवाची गाणी गायला लागला, त्याला जामू म्हणायचा. २००० साली गेला. यूट्यूबवर आहे सगळं, हेडफोन लावून ऐका, खालून ढोलकच वाजतेय असं वाटतं.

आपला एक वाचक